जे आहे, जेथे आहे

सौद्यात वाढलेल्या माणसाला बोलीचे भय वाटत नाही, असा माझा पन्नास वर्षांचा समज होता. गेल्या वर्षी एका शुक्रवारी, आमच्याच पेढीवर, संगणकाच्या पडद्यासमोर बसून तो समज मी गमावला.

सांगलीच्या मार्केट यार्डातील सौदा म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगावयास नको. पोते फोडून हळद ओतली जाते, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, दाताखाली धरतो. बेदाण्याचा दाणा तोंडात टाकल्यावाचून तर भावच निघत नाही. शेतकरी समोर, अडत्या समोर, प्रतिस्पर्धीही समोर. पंचकल्याणकात इंद्रपदाची बोली लागते तेव्हाही हेच. कोण खरोखर पुढे जाणार आणि कोण केवळ हौसेने आकडा वाढवतो आहे, ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येते. एखाद्या वयोवृद्धाने आकडा उच्चारला की बाकीचे आपणहून थांबतात आणि तिसरा वार होतो.

आमच्या पुतण्याला गोदामासाठी गाळा हवा होता. एके सकाळी वर्तमानपत्रात एका बँकेची ई-लिलावाची नोटीस आली आणि त्याने ती माझ्यापुढे ठेवली. कुपवाड रस्त्यावरील गाळा, मागे लहानसे शीतगृह. राखीव किंमत ४२ लाख, इसारा रक्कम तिच्या दहा टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, बोलीवाढ २५ हजारांची. खाली कर्जदाराचे नाव होते. ते वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. पेठेत ज्यांच्या शेजारी पंचवीस वर्षे बसलो, ते आप्पा. (पूर्ण नाव लिहीत नाही, नोटिशीत छापले गेले तेवढे पुरे.)

येथे कायद्याची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. कर्ज थकले की २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यान्वये बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकू शकते. त्यासाठी कर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एका स्थानिक भाषेच्या पत्रात, प्रसिद्ध करावी लागते. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदार पैसे भरून आपली वास्तू सोडवू शकत असे. २०१६ च्या दुरुस्तीने तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच संपतो, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले. म्हणजे त्या सकाळी मी चहा पीत ती नोटीस वाचत होतो, तेव्हा आप्पांचे दार बंद झालेले होते.

पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही एकदा आप्पांकडे जाऊन या. गाळ्याची खरी परिस्थिती त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक?”

मी म्हणालो, “कोणत्या तोंडाने जाऊ?”

आमच्या वडिलांच्या पिढीत दुसऱ्याच्या अडचणीत विकली जाणारी वास्तू घेऊ नये, असा दंडक होता. मी तो पाळला नाही. फक्त त्यातला संकोच तेवढा शिल्लक ठेवला. समोरासमोरचा लिलाव असता तर मी गेलोच नसतो. येथे मात्र नाव दिसत नव्हते, चेहरा दिसत नव्हता. पडद्यावर आमची ओळख म्हणजे एक क्रमांक. ही सोय मला तेव्हा बरी वाटली, हे कबूल करतो.

पाहणीच्या दिवशी पुतण्या एकटा गेला. बँकेच्या माणसाने रस्त्यावरूनच गाळा दाखवला. शटर अर्धे उघडे होते, आत कोणाचा तरी माल होता. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असे दोन शब्द होते. त्यांचे वजन आम्हांला तेव्हा कळले नाही.

लिलाव अकरा ते एक. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते. आम्ही ४७ लाखांवर थांबावयाचे ठरवले होते आणि तो आकडा मी स्वतः कागदावर लिहून गल्ल्यावर ठेवला होता. पावणेएकपर्यंत पडद्यावर काहीच हालचाल नव्हती. मग कोणीतरी ४२ लाख २५ हजार लावले. आम्ही ५०. त्याने ७५. पाच मिनिटे वाढली, पुन्हा वाढली. पलीकडचा माणूस दर वेळी घड्याळात वीस-पंचवीस सेकंद उरली असता बोली लावी. तो कोण आहे, बिल्डर आहे की दलाल आहे, कोठे बसला आहे, थकला आहे की नाही, काही कळावयास मार्ग नाही. सौद्यात अशा माणसाला मी एका नजरेत तोलले असते. येथे नुसता आकडा लुकलुकत होता. ४७ लाख झाले, तेव्हा पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी गल्ल्यावरचा कागद उलटा करून ठेवला. अडीच वाजून गेल्यावर ४९ लाख २५ हजारांवर पलीकडचा थांबला.

आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. इसारा धरून एकूण रकमेच्या पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा पुढील कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात, म्हणजे आम्हांला आणखी ८ लाख ११ हजार २५० रुपये. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. न भरल्यास पंचवीस टक्के जप्त. ते सारे जप्त करता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. आम्ही कर्ज काढू पाहिले, तर प्रत्यक्ष ताबा नसलेल्या मिळकतीवर कर्ज देण्यास कोणी उत्सुक नव्हते. अखेर ठेवी मोडल्या, येणी घाईने वसूल केली, हंगामाचे भांडवल गुंतले.

त्यानंतर कुलपाची गोष्ट. आत एका ट्रान्सपोर्टवाल्याचा माल होता. त्याच्याशी लेखी करार नव्हता, पण तो हलावयास तयार नव्हता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कागदावर मुदती आहेत. आम्हांला किल्ली मिळावयास सात महिने लागले. मग वीजजोडणी मागावयास गेलो, तर जुनी थकबाकी १ लाख ८६ हजार. घरपट्टीची ७४ हजार. बँकेकडे गेलो. अधिकाऱ्याने शांतपणे नोटिशीतील ओळीवर बोट ठेवले. ‘जे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’ व ‘जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वावर विक्री. ही ओळ मी शंभर नोटिशींत वाचली असेन आणि प्रत्येक वेळी तिला छापखान्याचा शिरस्ता समजलो असेन. आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याखेरीज नव्या मालकाला जोडणी न देण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केले आहे, ही माहिती वकिलांनी नंतर दिली.

विकणाऱ्याची कथा काही निराळी नाही. त्याच सुमारास आम्ही हळद पॉलिश करण्याचा जुना ढोल एका संकेतस्थळावर लिलावाने विकावयास काढला. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही, आणि दुसऱ्या क्रमांकाच्याने तोवर दुसरीकडे खरेदी केली होती. पेठेत बोली लावून पाठ फिरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकत नाही. येथे त्याने नवे नाव घेतले की झाले. ढोल अखेर भंगारवाल्याने वजनावर नेला.

चातुर्मासात एका पारण्याला आमचे व्याही, म्हणजे पुतण्याचे सासरे, शेजारी जेवावयास बसले होते. बोलता बोलता ते म्हणाले, “आम्हीही कुपवाड रस्त्यावर एक गाळा पाहिला होता. लिलावात कोणीतरी वेडा माणूस भेटला. हटेचना! एकोणपन्नासपर्यंत गेलो आणि सोडून दिले.” पुतण्याच्या हातातील वाटी हातातच राहिली. सासरा-जावई दोन तास एकमेकांवर पंचवीस-पंचवीस हजार चढवत होते, एक सांगलीत आणि एक जयसिंगपुरात.

घरी येताना पुतण्या हळहळला, “एक फोन केला असता तरी सात लाख वाचले असते.” मलाही क्षणभर तसेच वाटले. पण रात्री झोप येईना. तो फोन म्हणजे काय असता? जुन्या सभागृहांतील लिलावांत चार जण आधी चहाला बसत, एकाने घ्यावयाचे आणि बाकीच्यांनी गप्प राहावयाचे असे ठरे. त्याला आपण साटेलोटे म्हणतो. ई-लिलावाने ते बरेचसे मोडले, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. शिवाय बँकेचे येणे फिटून जी रक्कम उरते, ती कायद्याने कर्जदाराकडे परत जाते. आप्पांकडे बँकेचे येणे व्याज व खर्चासह ४५ लाखांच्या आतबाहेर होते. व्याह्यांनी आणि आम्ही संगनमत करून ४२ लाख २५ हजारांत गाळा घेतला असता, तर वास्तू जाऊनही आप्पांच्या डोक्यावर देणे राहिले असते. वयोवृद्धाच्या मानाखातर बोली थांबवण्याची आपली रीत मंदिरात शोभते. अडचणीत आलेल्या माणसाच्या लिलावात मात्र तीच रीत त्याला बुडवते, हे मला सत्तरीत कळले.

मग एवढी वर्षे टाळलेले नव्हे, तर केवळ वर्षभर टाळलेले काम करावयास मी निघालो. थकबाकीची बिले पिशवीत घेतली आणि आप्पांकडे गेलो. ते मुलाच्या भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी मला पाहिले, बसावयास खुर्ची दिली, आत पाणी सांगितले. मी बिले पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, कपाटातून एक फाईल काढली. घरपट्टीच्या दोन पावत्या त्यात होत्या. पैसे भरले होते, पण पालिकेच्या वहीत नोंद चढली नव्हती. ३१ हजार रुपये तेथेच कमी झाले.

“नोटीस आली त्या दिवसापासून मी घरीच थांबत होतो,” आप्पा म्हणाले. “कोणीतरी चौकशीला येईल म्हणून. घेणारा येतोच ना बघायला? कोणी आलं नाही. तो ट्रान्सपोर्टवाला माझ्या शब्दावर आत बसला होता. तुम्ही आला असतात तर मीच त्याला आठ दिवसांत बाहेर काढला असता.”

मला उत्तर सुचले नाही. हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय दहा पोती न घेणारा मी, पन्नास लाखांची वास्तू मालकाचे तोंड चुकवण्यासाठी न पाहता घेऊन बसलो होतो. बँकेला, वीज कंपनीला, संकेतस्थळाला मी सात महिने दोष देत होतो. त्यांतील बराचसा त्यांचा होताही. निबंधक कार्यालयातील शोध, वीजग्राहक क्रमांकावरील बाकी, ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष याची लेखी विचारणा, हे सारे बोलीपूर्वी करता येते आणि आता मी विचारावयास येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतो. आमच्या बाबतीत मात्र एक चहा पुरला असता.

निघताना आप्पा दारापर्यंत आले. बँकेने उरलेले पैसे दिल्याचे त्यांनी सांगितले, किती ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. चप्पल घालत असता ते म्हणाले, “मागच्या खोलीतला पाण्याचा वॉल्व्ह सापडला का तुमच्या पोरांना? शिडीखाली आहे. फरशी उचलावी लागते.”