इंजिन बंद पडतंय? कार्बोरेटरला हात लावण्याआधी तपासणीचे पैसे ठरवा



छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान टाकू का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर 'जरूर टाका' असंच असतं. पॉवर वीडर, ब्रश कटर, फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, मांडववाल्यांचे जनरेटर अशी यंत्रं आता गावोगाव आहेत. महाडीबीटीवरून अनुदान घेऊनही बरीच आली. ती विकणारा तालुक्याला बसतो आणि यंत्र बंद पडतं ते शेतात. त्यामुळे काम आहेच. पण या धंद्यात टिकायचं की नाही, हे माझ्या मते एकाच तक्रारीवर ठरतं: "चालू होतं, दहा मिनिटं चालतं आणि बंद पडतं."

या तक्रारीवर बहुतेक दुकानांत एकच उत्तर तयार असतं. "काका, कार्बोरेटर गेलाय, नवीन टाकू." काका टाकतात. कधी यंत्र चालतंही. आणि आठवड्याभरात परत येतं, कारण दोष तिथे नव्हताच.

ही सवय कुठून आली? थोडी व्हिडिओंमधूनही. इंजिन का बंद पडतं हे इंग्रजीत शोधलंत तर स्नोब्लोअरचे व्हिडिओ हमखास समोर येतात. अमेरिका-कॅनडात घरापुढचा बर्फ उचलून बाजूला फेकणारं हे यंत्र. त्यावरचं इंजिन बहुधा एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, म्हणजे आपल्या वीडरवरच्या इंजिनाचं भावंडच. म्हणून ते व्हिडिओ बघाच, शिकायला मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा. ते यंत्र हिवाळा संपला की पुढच्या बर्फापर्यंत गॅरेजमध्ये पडून असतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये त्याचा चिकटा बसतो. त्यामुळे तिथे संशय आधी कार्बोरेटरवर जातो आणि तो अनेकदा बरोबर ठरतो. शिवाय कित्येक स्नोब्लोअरच्या इंजिनांना एअर फिल्टरच नसतो! बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर लावला तर तोच गोठायचा. आता आपला वीडर बघा. कोरड्या मातीत, स्वतःच उडवलेल्या धुळीत, जमिनीपासून हातभर उंचीवर चालतो. तिथल्या व्हिडिओत फिल्टरचं नाव निघणार नाही आणि इथे सुरुवातीलाच तो उघडून बघायचा असतो.

मग तपासायचं कसं? आधी गिऱ्हाईकाला बोलतं करा. इंजिन कसं बंद पडतं? धाप लागल्यासारखं, कमी-जास्त होत, की बटण दाबल्यासारखं एकदम? हळूहळू मरत असेल तर बहुधा पेट्रोल पुरत नाही. एकदम बंद होत असेल तर स्पार्क किंवा ऑइलच्या सेन्सरकडे बघायचं. हा पक्का नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

नंतर इंजिन चालू करा आणि बंद पडेपर्यंत शेजारी उभे राहा. हा वेळ कुणी देत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. धाप लागली की टाकीचं झाकण सैल करा. हवा आत गेल्याचा फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. पेट्रोल खाली उतरलं की त्या जागी हवा यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थोड्या वेळाने हवा झिरपते, इंजिन परत चालू होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतो, "गरम झालं की बंद पडतं हो." खर्च शून्य.

झाकण ठीक असेल तर इंजिन थंड होऊ द्या आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. धार सलग हवी. थेंब थेंब पडत असेल तर कॉक, जाळी, नळी तपासा. बाटली थोडा वेळ तशीच ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं. बाटलीत दोन थर दिसले तर गिऱ्हाईकालाही दाखवा. शंभर शब्द बोलण्यापेक्षा ती बाटली बरी.

इंजिन फक्त अर्ध्या चोकवर तग धरतंय? मग त्याला पेट्रोल कमी पडतंय, आणि आता कार्बोरेटरवर संशय घ्यायला हरकत नाही. बहुतेकदा तेव्हाही तो बदलायचा नसतो, जेट साफ करायचा असतो. त्यात जाड तार खुपसू नका, छिद्र मोठं झालं की जेट गेला. उलट काळा धूर आणि काळाकुट्ट, ओला प्लग दिसला तर फिल्टर चोंदलाय का ते बघा. टू-स्ट्रोक ब्रश कटर असेल तर सायलेन्सरच्या जाळीवरचा कार्बनही बघायचा.

खरोखर तापल्यावर बंद पडणारं इंजिन असेल तर बंद पडल्या क्षणी, थंड व्हायच्या आत, स्पार्क तपासा. स्पार्क टेस्टर वापरा, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा. स्पार्क गायब आणि थंड झाल्यावर हजर, म्हणजे कॉइल. स्पार्क चांगला असेल तर व्हॉल्व्हची फट मोजा. ती थंड इंजिनावरच मोजायची. किती हवी ते त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. फट कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

आणि ऑइल सेन्सर. ऑइल कमी झालं, किंवा उतारावर इंजिन फार कललं, की तो इंजिन बंद करतो. जीएक्स१६० मध्ये ऑइल मावतंच अर्धा लिटरच्या थोडं वर, त्यामुळे कमी झालेलं चटकन भोवतं. कोकणातल्या उताराच्या बागांमधून अशी तक्रार आली तर आधी यंत्र सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी बघा. काही मिस्त्री सेन्सरची वायर कापून देतात. इंजिन चालतं, गिऱ्हाईक खूश. पुढे ऑइल संपल्यावर तेच इंजिन जाम होतं. ही दुरुस्ती नाही. सेन्सर बिघडलाय असं ठरलं तर तो बदला.

आता धंद्याचं बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. झाकणाचं छिद्र सुईने मोकळं केलंत, त्याचे किती घेणार? शंभर मागितले तरी गिऱ्हाईक म्हणेल, "एवढ्याशा कामाचे?" नवीन कार्बोरेटर टाकला तर मात्र तो हजार रुपये कुरकुर न करता देतो, कारण हातात वस्तू दिसते. म्हणजे प्रामाणिक मिस्त्रीला दंड आणि अंदाजपंचे करणाऱ्याला बक्षीस. गिऱ्हाईकाला दोष देऊन उपयोग नाही, दर आपणच तसे लावलेत.

म्हणून तपासणी फी वेगळी ठेवा आणि फळ्यावर लिहा. यंत्र गाडीतून उतरवायच्या आधी सांगा. दुरुस्ती केली तर फी माफ, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. फी माफ होणार असेल तर तुमची कमाई पुन्हा पार्टवरच येते, आणि मग प्रत्येक यंत्रात बदलण्यासारखं काहीतरी 'सापडायला' लागतं. माणूस वाईट नसतो हो, पण महिनाअखेरीला दुकानाचं भाडं समोर असतं.

गावात तपासणीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या महिन्यात काही जण परत जातील, ते धरूनच चाला. मात्र पैसे घेताय तर हातात काहीतरी द्या: काय तपासलं, काय सापडलं, किती वेळ चालवून बघितलं याची साधी चिठ्ठी, आणि पार्ट बदललाच तर जुना पार्ट पिशवीत घालून परत. वाफसा आलाय, तण वाढतंय, मजूर मिळत नाही, अशा वेळी शेतकऱ्याचा वाया जाणारा दिवस तुमच्या फीपेक्षा कितीतरी महाग असतो. हिशेब त्याला चांगला कळतो, फक्त यंत्र परत येणार नाही एवढी खात्री त्याला पाहिजे. चुकून टाकलेल्या कार्बोरेटरवर समजा तीनशे सुटले, तरी तेच यंत्र ऐन हंगामात परत आलं की अर्धा दिवस फुकट जातो आणि पारावर चर्चा होते ती वेगळी.

यातून भांडवलाचंही उत्तर मिळतं. पंधरा-वीस कार्बोरेटर भरून ठेवू नका. फीलर गेज, स्पार्क टेस्टर, कॉम्प्रेशन गेज, चांगले प्लग पाने आणि क्लीनर स्प्रे आधी घ्या. स्टॉकमध्ये प्लग, फिल्टर, पेट्रोलची नळी, गॅस्केट, स्टार्टरची दोरी एवढं पुरे. कॉइल गरजेप्रमाणे मागवा.

आणि स्नोब्लोअरवाल्यांकडून एक गोष्ट जरूर उचला. तिकडे हंगाम संपला की यंत्र झोपवून ठेवायचं वेगळं काम असतं. आपल्याकडे आंतरमशागत संपली की वीडर पेट्रोलसकट गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. हंगाम संपताना गिऱ्हाईकाला फोन करा. टाकी रिकामी करायची, कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवायचं, ऑइल बदलायचं, प्लगच्या छिद्रातून थोडं ऑइल सोडायचं, प्लग बसवून दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून ठेवायची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतात. फिल्टर धुवायचा. ठरलेला दर, आणि दुकान रिकामं असतं तेव्हाचं काम.