तगाद्याची ओळ

आम्ही कापडवाले सकाळी कामांची चिठ्ठी लिहितो. ट्रान्सपोर्टवरून गाठी सोडवणे, बँकेत भरणा, रंगाऱ्याकडे फेरी, सगळे दुपारपर्यंत खोडले जाते. ‘अमुक पार्टीकडे तगादा’ ही ओळ मात्र रोज नव्या चिठ्ठीवर उतरते. हा आळस नव्हे, लिहाज आहे. ज्यांच्या घरच्या लग्नात जेवलो, त्यांच्याकडे पैसे कोणत्या तोंडाने मागावेत?

कायदा मात्र लिहाज पाळत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे माल दिल्यापासून, किंवा उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, ३ वर्षांत दावा करावा लागतो. आमची एक उधारी अशीच गेली. वकिलांनी बिलावरची तारीख पाहिली आणि कागद परत केले. त्या ३ वर्षांत पार्टीने बाकी लेखी कबूल करून सही दिली असती, तर सहीच्या तारखेपासून नवी मुदत मिळाली असती.

आता आम्ही चिठ्ठीवर ‘वसुली’ लिहीतच नाही. ‘खात्याचा उतारा काढणे’ एवढेच लिहितो. त्याला कोणाची शरम? उतारा हातात आला की पाठवला जातोच. खाली ‘बाकी मान्य’ म्हणून सही मागणे पैसे मागण्याइतके जड जात नाही. सहीला का-कू करणारी पार्टी कोणती, तेही त्याच दिवशी कळते.