मासा मेला नाही, म्हणून काय झाले?

पावसाने उघडीप दिली की मुखेडच्या शिवारात पाठीवरचे पंप सुरू होतात. सोयाबीनवर अळी, कापसावर तुडतुडे; शेतकरी औषध मारतो. (विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे.) पाझर तलावांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडायचे दिवसही हेच. पुढची सर आली की रानातले पाणी ओढ्याने तलावाकडे धावते.

मासे पालथे होऊन तरंगले, तर गाव जमते, पंचनामा होतो. जे मरत नाहीत, त्यांचा पंचनामा कोण करणार?

अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन माशांची पिल्ले चार दिवस क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या पाण्यात ठेवली. जास्तीत जास्त मात्रा किती? लिटरमागे अडीच मायक्रोग्रॅम. दहा लाख लिटरच्या शेततळ्यात वीस टक्के तीव्रतेचे औषध एक झाकणभर पडले, तर साधारण तेवढीच होते. पिल्ले जगली, पण पोहणे मंदावले आणि समोरच्या खाद्यावर झडप घालणे कमी झाले. मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारे विकर हे औषध निकामी करते. किडा त्यानेच मरतो, आणि तेच विकर माशाच्या मेंदूतही असते. सामन थंड पाण्यातला, आपला रोहू कदाचित अधिक चिवट. पण यंत्रणा एकच. बोटुकलीच्या वयात चार दिवसांची उपासमार म्हणजे वाढ खुंटणे, आणि खुंटलेले पिल्लू मरळीच्या तोंडी आयतेच सापडते. उन्हाळ्यात जाळे हलके लागले, की ठेका घेणारा भोई बीज देणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो.

शेतकऱ्याला आरोपी करण्यात मात्र अर्थ नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप ज्याच्या पाठीवर, पहिला घाव त्याच्यावरच.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. हे औषध पाण्यात कमी विरघळते, मातीला चिकटून गाळाबरोबर येते. म्हणून ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. पंप ओढ्यात धुऊ नये. आभाळ भरून आले असेल, तर फवारणी एक दिवस लांबवावी. पावसात औषध वाहून गेले, तर पैसाही जातोच. आणि बोटुकली सोडण्याआधी मच्छीमार संस्थेने वरच्या बांधावर जाऊन एवढे विचारावे : फवारणी कधी झाली?