चाव्या देऊन वर सूचना कसल्या देता?

जुलै २०२५मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय सहाय्यकाने अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोड गोठवलेला आहे, विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही, असं त्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. गेलेला डेटा परत येणार नाही असंही त्याने ठोकून दिलं. प्रत्यक्षात तो परत आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि डेव्हलपमेंट व प्रॉडक्शन यांचे डेटाबेस वेगळे करायला घेतले.

आमच्या क्षेत्रात यावर बोललं गेलं ते मुख्यतः एआयने आज्ञा मोडल्याबद्दल. हा शहाजोगपणा मला मान्य नाही. डेटाबेस पुसण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, म्हणून तो पुसला गेला. ‘हात लावू नकोस’ असं लिहून सुरक्षा येत नाही. अधिकार काढून घेतला की येते. एवढं ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या चालू सिस्टिमवर एआय सोडू नये.

मी जुनी पीएचपी ॲप्लिकेशन्स सांभाळतो. पतसंस्था, वाचनालयं, शाळा यांचे रोजचे व्यवहार त्यांच्यावर चालतात. ती लिहिणारे केव्हाच सोडून गेले, टेस्ट एकही नाही, आणि कोणती विचित्र ओळ कशासाठी आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. अशा कोडवर ‘हे मॉडर्न करून दे’ एवढ्या एका वाक्यानिशी एआय सोडणारे मॅनेजर मी पाहतो आहे. त्यातून काय मोडतं ते त्यांनी नीट ऐकावं.

मराठी नावांचंच घ्या. अनेक जुन्या ॲप्लिकेशन्समध्ये वेबपेज यूटीएफ-८ मध्ये आणि माय-एसक्यूएलचं टेबल लॅटिन-१ मध्ये असतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. डेटाबेस त्या बाइटना तीन रोमन अक्षरं समजून साठवतो आणि तशीच परत देतो. ब्राउझर ती पुन्हा जुळवतो आणि नाव बरोबर दिसतं. दोन चुका एकमेकींना सावरत वर्षानुवर्षं काम चालवतात. आता एआय येतो. डेटाबेसशी जोडणारी जुनी फंक्शन्स २०१५च्या पीएचपी ७ मधून काढून टाकलेली आहेत, म्हणून तो त्यांच्या जागी पीडीओ घालतो आणि जोडणीचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवतो. पुस्तकी दृष्टीने हे अगदी योग्य आहे. पण त्या क्षणापासून जुनी नावं निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसतात. सर्व्हरचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर नवी नावं प्रश्नचिन्हं होऊन साठतात. ती नावं कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. मग हे ‘दुरुस्त’ करायला तो अख्खं टेबल सरळ यूटीएफ-८ मध्ये बदलतो आणि जुना घोटाळा डेटात मुरतो. कॉलम आधी बायनरी करून मग यूटीएफ-८ करायचा असतो. हे करावं लागेल की नाही, ते साठलेले बाइट उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही. नुसता कोड वाचून समजत नाही.

दुसरा सापळा दिसतही नाही. पीएचपी ७ पर्यंत रिकामी स्ट्रिंग आणि शून्य यांची सैल तुलना ‘समान’ ठरायची. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ मध्ये ती ‘असमान’ ठरते. सभासदाचा प्रवर्ग रिकामा असेल तर अमुक व्याजदर लावायचा, असा नियम त्या तुलनेवर उभा असेल, तर व्हर्जन बदलताच तो गुपचूप लागू व्हायचा थांबतो. एरर येत नाही, पान उघडतं, आकडा मात्र चुकतो.

म्हणून एआयला कामाला लावण्याआधी माणसाने करायची कामं आहेत, आणि ती टाळता येत नाहीत. आज कोड जसा वागतो तसा टेस्टमध्ये पकडून ठेवा, त्यातल्या चुकांसकट. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या २००४च्या पुस्तकात हेच तंत्र मांडलं आहे. एआयला डेटाबेसची प्रत द्या, तीही नावं-खाते क्रमांक बदललेली. प्रॉडक्शनचा पासवर्ड त्या मशीनवर असताच कामा नये. मुख्य ब्रँच बंद ठेवा आणि डिप्लॉयचा अधिकार माणसाकडेच ठेवा. बॅकअप नुसता घेऊ नका, तो परत चढवून पाहा. सूचनांची फाइल जरूर लिहा: कोणतं टेबल कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, टेस्ट कशा चालवायच्या. पण ती फाइल माहिती देते, अटकाव करत नाही. आणि टेस्ट नापास झाली म्हणून एआयने टेस्टच बदलली, तर तो बदल तिथल्या तिथे फेटाळा. एका वेळी एकच बदल मागा. चाळीस फाइल्सचा डिफ कुणी वाचत नाही; सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात आणि मर्ज करतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: एवढं करत बसलो तर वेग कसा मिळणार? मेटर या संशोधन संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. त्या वेळची एआय साधनं वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आपला २० टक्के वेळ वाचला, असं मात्र त्यांना वाटत राहिलं. साधनं सुधारतील, हा आकडाही बदलेल. पण वेगाच्या भासावर दुसऱ्यांच्या नोंदी पणाला लावण्याचा हक्क कुणालाही नाही.

एआयचा मला राग नाही. अनोळखी कोड समजावून सांगायला, टेस्टचे कच्चे खर्डे लिहायला ही साधनं उत्तम आहेत, आणि मी ती वापरतो. राग आहे तो जाणत्या माणसाला खर्च म्हणून काढून टाकणाऱ्यांचा, आणि नंतर ‘एआयने केलं’ म्हणून हात झटकणाऱ्यांचा. पासबुकातली रक्कम चुकते ती ज्याची, त्याने कोणतंही नवं तंत्रज्ञान मागितलेलं नसतं. त्याच्या नोंदीपर्यंत पोचणारा प्रत्येक बदल एका माणसाने वाचलेला असावा आणि त्याच्या नावावर असावा. ते नाव लावायला कुणी तयार नसेल, तर तो बदल लाइव्ह जाता कामा नये.