आधी रेषा आखा, मग पान लावा

मंडळाची स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अहवाल, शाळेचा वार्षिकांक. अशी कामं बहुतेक वेळा घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडतात: ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या. यंदा ते काम तुमच्याकडे आलं असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी.

पानावर पहिला फोटो ठेवण्याआधी रेषा आखा. या रेषांना सॉफ्टवेअरमध्ये गाईड्स म्हणतात. इनडिझाईन असो, फुकट मिळणारं स्क्रायबस असो, नाहीतर जुनं पेजमेकर असो, सोय सगळीकडे आहे. या रेषा पडद्यावर दिसतात, पण कागदावर उमटत नाहीत. त्यामुळे हव्या तितक्या आखा.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. पडद्यावर पान लहान-मोठं करून बघताना एक-दोन मिलिमीटरचा फरक कळत नाही. छापून हातात आल्यावर मात्र तोच फरक डोळ्यांत खुपतो. गवंडी दोरी ताणल्याशिवाय वीट लावत नाही, तसंच हे आहे.

आता क्रमाने करा.

पहिलं काम मापाचं. वरच्या आणि डाव्या कडेला रूलर दिसतो. तो मिलिमीटरवर आणा. मग रूलरवर माऊस दाबून धरा आणि पानावर ओढा. रेषा आली. वरच्या रूलरमधून आडवी येते, डावीकडच्या रूलरमधून उभी.

दुसरं, रेषा अंदाजाने सोडू नका. तिला नेमका आकडा द्या. इनडिझाईनमध्ये रेषेवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत तिची जागा दिसते, तिथे आकडा लिहा. स्क्रायबसमध्ये 'मॅनेज गाईड्स'ची खिडकी उघडून आकडे भरा.

कोणते आकडे? समजा, स्मरणिका ए-फाईव्ह मापाची आहे. म्हणजे पान 148 मिमी रुंद, 210 मिमी उंच. दोन्ही बाजूंना 14 मिमी मोकळे सोडा. मध्ये 120 मिमी उरतात. दोन रकाने करा आणि त्यांच्यात 6 मिमीची फट ठेवा. प्रत्येक रकाना 57 मिमीचा होतो. उभ्या रेषा 14, 71, 77 आणि 134 वर.

वर-खाली 15 मिमी सोडा. मधली फट पुन्हा 6 मिमी. आडव्या रेषा 15, 102, 108 आणि 195 वर येतात. पानाचे चार सारखे चौकोन तयार झाले.

हे चौकोन जाहिरातींसाठी फार कामाचे. पाव पान म्हणजे एक चौकोन, अर्धं पान म्हणजे दोन. जाहिरात देणारे दुकानदार अंक हातात आला की शेजारच्या जाहिरातीशी आपली जाहिरात ताडून बघतात. सारखे पैसे दिले तर सारखी जागा मिळायला हवी. वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहायचं असतं.

तिसरं, या रेषा एकेका पानावर आखत बसू नका. मास्टर पेजवर आखा (नव्या इनडिझाईनमध्ये त्याला पेरेंट पेज म्हणतात). तिथे आखली की त्या मास्टरवरच्या सगळ्या पानांवर त्याच जागी येते.

चौथं, 'स्नॅप टू गाईड्स' चालू करा. मग फोटो रेषेजवळ नेला की तो आपोआप तिला चिकटतो. त्यानंतर 'लॉक गाईड्स' करून टाका. नाहीतर फोटो हलवायला जाल आणि रेषाच सरकेल, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही.

आता एक खास आपल्या लिपीची गोष्ट. मजकुराची चौकट आणि फोटोची चौकट एका रेषेवर आणली, तरी मजकूर खाली उतरल्यासारखा दिसतो. कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते. आपली नजर मात्र शिरोरेषेवर ठरते. म्हणून पान मोठं करा आणि पहिल्या ओळीची शिरोरेषा फोटोच्या वरच्या कडेशी जुळवा. चौकट थोडी वर गेली तरी चालेल.

शेजारशेजारच्या रकान्यांत ओळींमधलं अंतर एकच ठेवा. एकीकडच्या ओळी दुसरीकडच्या ओळींसमोर यायला हव्यात.

कार्यकारिणीचे फोटो लावताना आणखी एक आडवी रेषा घ्या, डोळ्यांच्या पातळीवर. प्रत्येकाचे डोळे त्या रेषेवर आणा. कुणी जवळून फोटो काढलेला असतो, कुणी लांबून. चेहरे साधारण एका आकाराचे करा. मग कुणी मोठा, कुणी छोटा वाटत नाही, आणि कुणाचं मन दुखत नाही.

कटिंगचंही भान ठेवा. पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कडेच्या बाहेर 3 मिमी वाढवा. याला ब्लीड म्हणतात. किती हवं ते प्रेसवाल्यांना आधी विचारून घ्या. नावं आणि फोन नंबर मात्र कडेपासून आत ठेवा. कटिंग मशीन थोडं सरकलं, तर एखाद्या देणगीदाराचं आडनावच कापलं जाईल.

अंकाला मध्ये पिन मारणार असाल, तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. अंक जाड असेल, तर आतल्या बाजूची जागा जरा जास्त सोडा. तेवढ्या मिलिमीटरने उभ्या रेषांचे आकडेही सरकवा.

फाईल पाठवण्याआधी रेषा लपवून पान बघा. इनडिझाईनमध्ये काही निवडलेलं नसताना डब्ल्यू दाबलं की पान छापल्यासारखं दिसतं. मग दोन-चार पानं घरच्या प्रिंटरवर मूळ मापात काढा. 'फिट टू पेज' निवडू नका, त्याने माप बदलतं. पट्टी लावून मोजा. घरात दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. ताज्या नजरेला तिरकं लगेच दिसतं.

अंक छापून झाला की मजकूर आणि फोटो काढून, रेषांसकट कोरी पानं वेगळ्या नावाने सेव्ह करा. मंडळाच्या ईमेलवर पाठवून ठेवा, सोबत मापांचे आकडेही लिहा. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे जाईल त्याच्या रात्री वाचतील. आणि दुकानदाराला पुन्हा तेवढंच पाव पान मिळेल.