फोन मराठी झाला, फॉर्म कधी होणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले गेले, ते योग्यच. त्याच दिवशी दिल्लीत गुगल कंपनीचा ‘गुगल फॉर इंडिया’ हा वार्षिक कार्यक्रम होता. फोनशी तोंडी बोलून माहिती विचारण्याची ‘जेमिनी लाइव्ह’ ही सोय आधी हिंदीत आणि पाठोपाठ आणखी आठ भारतीय भाषांत मिळेल, असे तेथे जाहीर झाले. त्या आठांत मराठी होती. या बातमीचे आपल्याकडे फारसे कोणाला काही वाटले नाही.

सीमाभागातील माणसाने खरे तर या दुसऱ्या बातमीचा अधिक विचार करायला हवा. तुम्ही कोणत्या राज्यात राहता हे फोन विचारत नाही. बेळगाव असो, खानापूर असो की भालकी, मराठी निवडली की मराठी. इतरत्र भाषा राज्यावरून ठरते. बँकेचेच घ्या, काउंटरमागे बसून हे रोज पाहतो. खाते उघडण्याचा फॉर्म, स्लिप, पासबुक हे इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषेत असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. प्रादेशिक म्हणजे येथे कन्नड. त्याबद्दल तक्रार नाही. कन्नड बांधवांना त्यांची भाषा मिळालीच पाहिजे. पण आपल्या आयाबाया अक्षर ओळखीचे म्हणून हिंदी मजकूर वाचतात आणि ‘आहरण’ या शब्दापाशी अडतात. पैसे काढायचे आहेत एवढेच त्यांना ठाऊक असते.

कंपनीने हे मराठीच्या प्रेमापोटी केले, असा गैरसमज नको. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषक ८ कोटी ३० लाख होते; एवढे गिऱ्हाईक कोण सोडेल? आणि कंपनी जे देते ते काढूनही घेते. गुगलनेच २०१८ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘नेबरली’ २०२० मध्ये बंद केले. फोनमधली मराठी ही सोय झाली, हक्क नव्हे. हक्क आहे तो १५ टक्क्यांच्या नियमात. जेथे भाषिक अल्पसंख्याक तेवढे आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे राज्यांनी मान्य केलेले आहे. बँकेचे फॉर्म त्यात येत नाहीत. ते यावेत, ही आपली मागणी असली पाहिजे.

अनुवादक नाही, खर्च परवडत नाही, ही कारणे आता टिकणार नाहीत. (मात्र यंत्राने केलेल्या मराठीवर विसंबून कर्जाच्या करारावर सही करू नका, तो मजकूर जाणत्या माणसाने तपासलाच पाहिजे.)

सभासदांनी आपापल्या शाखेत मराठी फॉर्मसाठी मराठीतूनच लेखी अर्ज द्यावा. अर्ज दोन प्रतींत असावा आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. पोच नसेल, तर असा अर्ज आलाच नव्हता, असे उत्तर मिळते.