चेंडूला मनाई

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीवर, एक फलक हमखास दिसतो : ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. दंड आकारला जाईल.’ मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत शब्द थोडे बदलतात, आशय तोच. काही ठिकाणी खेळायची वेळ ठरवून दिलेली असते, चार ते सहा. त्या वेळी निम्मी मुले स्कूल बसमध्ये, मेट्रोच्या खांबांखालच्या कोंडीत अडकलेली असतात.

लहान मुलांचा लठ्ठपणा रोखायचा म्हटले की सगळे शाळेकडे बोट दाखवतात. 2017 मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवायला सांगितले. 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत अशा पदार्थांची विक्री बंद केली. 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना पदार्थांतली साखर दाखवणारे तक्ते लावायला सांगितले. हे सारे योग्यच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्क्यांवर गेले. या मुलांनी अजून शाळेचा तक्ता वाचलेला नाही. ती वाढतात घरात आणि सोसायटीच्या आवारात.

उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लावांती या दोन छोट्या गावांनी 1992 मध्ये शाळेतल्या आहारशिक्षणापासूनच सुरुवात केली. सुरुवातीच्या वर्षांत मुलांची वजने वाढतच राहिली. पुढे नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, क्रीडा मंडळे असे सगळे गावच कामाला लागले. 2004 मध्ये तिथल्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 8.8 टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या जवळच्या गावांत ते 17.8 टक्के होते.

घोडबंदरला असे गाव म्हणजे सोसायटी. इथे बाहेर अवजड ट्रक धावतात. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घ्यायचे काम निघाले आणि सायकल शिकायची ती कडही गेली. टर्फ आहेत, पण तासाच्या भाड्याचे. ज्याचे आईवडील पैसे भरतील त्याने खेळावे. उरतो पोडियम, आणि तिथे फलक. बर्गर घेऊन आलेल्या माणसाला गेटवर मोबाइलवरून लगेच परवानगी मिळते, तो थेट बाविसाव्या मजल्यावर जातो. त्याच मजल्यावरच्या मुलाने चेंडू खाली आणला, की सुरक्षारक्षक तो काढून घेतो. तसे करायला त्याला आपणच सांगितलेले असते.

खेळायला जागा मिळणे ही कुणाची मेहेरबानी नाही. मोठ्या भूखंडावर बांधकामाची परवानगी मिळते तीच मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडण्याच्या अटीवर. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितले, की नियमाने सोडायची ही जागा जमिनीवरच हवी. पोडियमवरची जागा तिच्या बदल्यात चालणार नाही, असेही न्यायालयाने तेव्हा म्हटले. आपल्याकडे मुलांच्या वाट्याला पोडियम आला, आणि तिथेही कुंड्या, लॉन, लॉनवर ‘चालू नये’ची पाटी. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. कुंड्यांमधून ती होत नाही.

गाड्यांच्या काचा फुटतात, आजी-आजोबांची झोपमोड होते, पहिल्या मजल्यावरच्यांना गलका सहन होत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर जाळी आहे, मऊ चेंडू आहे, वेळ ठरवून घेणे आहे. लॉबीच्या रंगासाठी आणि सीसीटीव्हीसाठी आपण पैसे काढतो, तसे जाळीसाठीही निघू शकतात. सरसकट मनाई हा मात्र सगळ्यात स्वस्त मार्ग. त्याची किंमत मूल भरते, आणि सभेत त्याला मत नसते.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर एक विषय हवा : संध्याकाळी सहा ते आठ पोडियम मुलांचा, चेंडूसकट. सभेची सूचना 14 दिवस आधी निघते. त्याआधी सचिवांकडे लेखी पत्र द्यावे, आणि त्यावर पालकांबरोबर दोन आजोबांच्याही सह्या घ्याव्यात.